कृष्णाकांठची जीपगाडी

मराठ्यांच्या इतिहासावर लिहिणाऱ्यांनीं भीमथडीच्या तट्टाचें कौतुक पुष्कळ केलें आहे, व तें यथायोग्यच आहे. अंगानें बुटकें, रूपानें सामान्य, मूठभर दाण्यावर आणि वाटेवरच्या गवतावर दिवस काढणारें हें जनावर, सह्याद्रीच्या ज्या घाटांत अरबी घोड्याचे पाय लटपटत तेथें, निर्धास्त चालत असे. त्याच मुलखाच्या पूर्व अंगास, माणदेशांत व आटपाडीच्या माळावर, खिल्लार बैलाची जात नांवारूपास आली. कडक उन्हांत, थोड्या वैरणीवर, कोसच्या कोस गाडी ओढण्यांत त्याच्या तोडीचा बैल दुसरा नाहीं, असें तिकडील शेतकरी अद्यापि अभिमानानें सांगतो, आणि खरसुंडीच्या किंवा पुसेगांवच्या यात्रेंत त्या अभिमानाची किंमत रोख मोजूनहि घेतो. जशी भूमि तसें वाहन, असा हा निसर्गाचाच कारभार आहे. त्या दृष्टीनें पाहतां जीपगाडी ही मोठी चमत्कारिक पाहुणी म्हटली पाहिजे. सातासमुद्रांपलीकडे, लढाईच्या धांदलींत, अवघ्या ४९ दिवसांत जन्मास आलेली ही गाडी साताऱ्या-सांगलीच्या चिखलांत व खडकांत अशी रुळली कीं, तिच्या परकेपणाची शंकाहि आज खेड्यांतील पोराला येत नाहीं.

ती येथें कशी आली आणि कोणाकोणाच्या दारांत उभी राहिली, ही हकीकत मनोरंजक आहेच. परंतु तिच्यांत एक प्रश्न गुंतलेला आहे व तो केवळ मनोरंजनाचा नव्हे. वस्तूची मालकी कशानें सिद्ध होते? कागदावरील नांवानें, कीं ती वस्तु उघडून, समजून घेऊन, बिघडल्यास पुन्हा उभी करण्याच्या सामर्थ्यानें? बैलाच्या बाबतींत हा प्रश्नच उद्भवत नसे. ज्याच्या दावणीला बैल, त्यालाच त्याचें दुखणेंखुपणें कळे. यंत्राच्या बाबतींत तो उद्भवतो, आणि आमच्याकडे तो जीपगाडीनें जितका स्पष्टपणें मांडला तितका दुसऱ्या कोणत्याहि यंत्रानें मांडलेला नाहीं.

आधीं थोडें भूगोलाविषयीं. आज आपण ज्यांना सातारा व सांगली असे दोन जिल्हे म्हणतों, तो ब्रिटिश अंमलांत एकच सातारा जिल्हा होता, व त्याच्या अंगांत औंध, फलटण, जत, सांगली, मिरज अशीं संस्थानें ठिगळांसारखीं बसलेलीं होतीं. १९४८ सालीं हीं संस्थानें विलीन झालीं. १९४९ सालीं जिल्ह्याचे उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे दोन भाग करण्यांत आले, आणि १९६० सालीं दक्षिण साताऱ्यास सांगली हें नांव मिळालें. ह्या टापूच्या पश्चिम टोंकास महाबळेश्वरीं वर्षास २०० इंचांहून अधिक पाऊस पडतो, तर पूर्वेस म्हसवडच्या बाजूस २० इंच पडला तरी शेतकरी देवाला नारळ फोडतो. मध्यें कृष्णेची काळी, चिकट, चाकाला मिठी मारणारी जमीन. एकाच गाडीनें एकाच दिवशीं पाटणचा घाट, वाळव्याचा चिखल आणि जतचा माळ हे तिन्ही पार करावयाचे, तर ती गाडी साधी असून चालणार नाहीं, हें सांगण्यास यंत्रशास्त्रज्ञ नको.

तशी गाडी निघाली ती मात्र वेगळ्याच गरजेंतून. १९४० च्या जुलैंत, युरोपांत जर्मन रणगाडे फ्रान्स तुडवून मोकळे झाले असतां, अमेरिकन लष्करानें १३५ कारखानदारांकडे मागणी पाठविली: चारी चाकांना इंजिनाचा जोर मिळेल अशी, हलकी, बुटकी गाडी हवी, नमुना ४९ दिवसांत हजर करावा. बहुतेकांनीं ही अट वाचूनच हात टेकले असावेत. पेनसिल्व्हेनियांतील बटलर गांवच्या अमेरिकन बँटम ह्या लहानशा, डबघाईस आलेल्या कंपनीनें कार्ल प्रॉब्स्ट नांवाच्या अभियंत्यास बोलाविलें. त्यानें कांहीं थोड्या दिवसांत आराखडे उतरविले, आणि २३ सप्टेंबर १९४० रोजीं, मुदत संपावयास अर्धा तास असतांना, गाडी लष्कराच्या तळावर दाखल झाली. पुढें जें झालें तें मोठ्या माशाच्या नीतीस धरूनच झालें. बँटमचे आराखडे विलिस व फोर्ड ह्या बड्या कारखान्यांना दाखविण्यांत आले. १९४१ सालीं मुख्य कंत्राट ओहायोंतील टोलेडोच्या विलिस-ओव्हरलँड कंपनीस मिळालें, कारण त्यांच्या बार्नी रूस ह्या अभियंत्यानें सिद्ध केलेलें ६० अश्वशक्तीचें इंजिन सर्वांत जोरकस होतें. आणि विलिसनें व फोर्डनें मिळून लढाई संपेपर्यंत सुमारें साडेसहा लक्ष गाड्या बाहेर काढल्या. बिचाऱ्या बँटमच्या वांट्यास गाड्यांमागें जोडावयाच्या छकड्यांचें काम आलें. ‘जीप’ ह्या नांवाच्या व्युत्पत्तीवर विद्वानांत वाद आहे. कोणी तें लष्करी आद्याक्षरांवरून काढतात, तर कोणी पॉपाय नांवाच्या चित्रकथेंतील एका अद्भुत प्राण्यावरून. आम्हांस त्या वादांत पडण्याचें कारण नाहीं. मराठीनें तो शब्द उच्चारण्यास सोपा म्हणून घेतला, ‘गाडी’च्या संगतीनें त्यास स्त्रीलिंग दिलें, आणि प्रकरण मिटविलें.

लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट दुसरीच आहे. ही गाडी रणांगणावर, तेथल्या तेथें, शिपायानें हातीं लागेल त्या हत्यारानें दुरुस्त करावी अशा बेतानें बांधलेली होती. सपाट पत्रे, उघडे दिसणारे बोल्ट, खालीं वाकलें कीं नजरेस पडणारे पाटे, बॉनेट उचललें कीं हात सहज शिरेल एवढी मोकळी जागा. सुखासीन मोटारगाडींत जें जें झांकलेलें असतें तें तें हिच्यांत उघडें. सैन्याच्या निकडीनें घडलेला हा उघडेपणा पुढें शांततेच्या काळांत शेतकऱ्याच्या उपयोगी पडला. त्या काळीं असा कोणाचाहि हेतु नव्हता. इतिहासांत असें पुष्कळदां घडतें.

साताऱ्याचा माणूस जीप प्रथम पाहता झाला तो साताऱ्यांत नव्हे. हा जिल्हा शिपायांचा. साताऱ्याजवळचें अपशिंगें हें गांव ‘मिलिटरी अपशिंगें’ म्हणूनच ओळखलें जातें. पहिल्या महायुद्धांत त्या एका गांवचे ४६ जवान कामास आले, त्यांचें स्मारक तेथें आहे. दुसऱ्या महायुद्धांत मराठा पलटणी इटलींत लढल्या, आणि अशा पलटणींतून परतलेला शिपाई पेन्शनीबरोबर आणखी एक धन घेऊन आला. तें म्हणजे मोटार चालविण्याची व उघडण्याची विद्या. युद्धानंतर अमेरिकन फौजांनीं हिंदुस्थानांत मागें ठेवलेलें सामान सरकारच्या ताब्यांत आलें व लिलावांनीं विकलें गेलें. ‘डिस्पोजलचा माल’ हा शब्द तेव्हां मराठींत आला. त्या मालांत जीपगाड्याहि होत्या. विद्या आणि वस्तु ह्यांची गांठ अशी पडली.

ह्याच सुमारास मुंबईंत एका नव्या कंपनीनें ह्या धंद्यांत पाऊल टाकलें. जगदीशचंद्र व कैलासचंद्र महिंद्र ह्या बंधूंनीं गुलाम महंमद ह्यांच्या भागीदारींत १९४५ सालीं पोलादाच्या व्यापारासाठीं ती स्थापिली होती. कैलासचंद्र हे युद्धकाळांत हिंदुस्थान सरकारच्या खरेदी-मंडळाचे प्रमुख म्हणून अमेरिकेंत होते, व तेथें बार्नी रूस ह्यांच्याशीं त्यांची गांठ पडली असें सांगतात. १९४७ सालीं विलिसच्या जीपगाड्या येथें आणण्याचें ठरलें. त्याच वर्षीं देशाची फाळणी झाली. गुलाम महंमद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले व पुढें गव्हर्नर-जनरल. आणि १९४८ सालीं ‘महिंद्र अँड महंमद’चें ‘महिंद्र अँड महिंद्र’ झालें. एका नांवांतील एक शब्द बदलला, पण त्या एका शब्दांत तेव्हांचा सगळा इतिहास सामावलेला आहे. प्रथम सुटे भाग आणून माझगांवांत जुळणी व पुढें, १९५० नंतरच्या दशकांत, हळूहळू येथेंच उत्पादन, असा तो प्रवास झाला. जातां जातां हेंहि नोंदवून ठेवावें कीं, स्वतंत्र भारतांत सार्वजनिक पैशाविषयीं पहिला मोठा गवगवा झाला तोहि जीपगाड्यांवरूनच. १९४८ सालीं काश्मीरच्या लढाईसाठीं लंडनमधील आमचे हायकमिशनर कृष्ण मेनन ह्यांनीं सुमारें ८० लक्ष रुपयांचा सौदा केला; हातीं आल्या त्या १५५ गाड्या, आणि त्याहि निकामी ठरल्या.

आमच्या खेड्यांत जीप आली ती मालकाची म्हणून नव्हे, तर सरकारची म्हणून. २ ऑक्टोबर १९५२ रोजीं सामूहिक विकास योजनेस आरंभ झाला, आणि गटविकास अधिकारी हा नवा अंमलदार जीपमध्यें बसून खेड्यांत येऊं लागला. त्यापूर्वींचा मामलेदार घोड्यावरून किंवा छकड्यांतून येई. त्याच्या येण्याची वर्दी आदल्या दिवशीं लागे. जीपची वर्दी धुळीचा लोट देई, तोंवर ती चावडीपुढें उभीहि राही. त्याच दशकांत कोयनेच्या खोऱ्यांत धरणाचें काम सुरू झालें. १०३ मीटर उंचीची भिंत उभी राहिली, शिवसागर भरला, आणि जावळीच्या अंगाचीं कित्येक गांवें पाण्याखालीं गेलीं. जीं उरलीं त्यांचे जुने रस्ते तुटले. अभियंत्यांची जीप ज्या खोऱ्यांत रस्ता करावयास म्हणून गेली, त्याच खोऱ्यांत पुढें कित्येक वर्षें जीपशिवाय जातां येईना, आणि शिवसागराच्या पलीकडे जाण्यास ती तराफ्यावर चढवावी लागे, हा एक दैवदुर्विलासच. ११ डिसेंबर १९६७ च्या पहांटे कोयनेला भूकंप झाला. सुमारें १८० माणसें दगावलीं. घाटांत दरडी कोसळलेल्या असतां मदत पोंचविण्यास जी वाहनें चाललीं त्यांत जीपचा वांटा मोठा होता.

१ मे १९६२ रोजीं जिल्हा परिषदा स्थापन झाल्या. त्यांचें लघुरूप ‘जि. प.’ असें लिहिण्याचा प्रघात पडला, व ‘जि. प. ची जीप’ हा विनोद प्रत्येक तालुक्यांत कोणी ना कोणी आपणच प्रथम केला असें समजून करीत राहिला. विनोद बाळबोध खरा. पण त्यांत लोकांचें एक निरीक्षण आहे. सत्तेचें दृश्य स्वरूप म्हणजे ही गाडी. १९७२ च्या दुष्काळांत माण, खटाव, आटपाडी, जत येथें हजारों बायाबापड्या खडी फोडीत बसल्या असतां, रस्त्याच्या टोंकास दिसणारी जीप म्हणजे हजेरीपटावर सही होऊन मजुरी मिळण्याची आशा, असें समीकरण झालें होतें.

सरकारच्या पाठोपाठ सहकार आला. कृष्णाकांठीं साखरकारखाने उभे राहिले, आणि चेअरमनची जीप हा नवा मानबिंदु झाला. उसाच्या फडांत शिरावयाचें, सभासदाच्या वस्तीवर अचानक जावयाचें, तर मोठ्या मोटारीचा उपयोग नाहीं, हें खरें. पण केवळ उपयोगासाठींच ती घेतली जाई असें मात्र म्हणवत नाहीं. उघड्या जीपमध्यें पुढच्या बाजूस एक पाय बाहेर टाकून बसलेला पुढारी शंभर माणसांच्या नमस्काराचा स्वीकार करूं शकतो. बंद मोटारींत ती सोय नाहीं. निवडणुकींत तर जीपवांचून प्रचाराची कल्पनाच करवत नसे. ज्या पुढाऱ्याकडे जीप अधिक त्याची सरशी, असा हिशेब गांवोगांवच्या पारावर मांडला जाई, आणि तो फारसा चुकतहि नसे.

तिसरा मालक साधा बागाईतदार. हा नवी जीप सहसा घेत नसे. सरकारी खात्यांतून, लष्करांतून, कारखान्यांतून निकालांत निघालेली गाडी लिलावांत घ्यावयाची, असा त्याचा मार्ग. कराडजवळच्या एका परिचित घरीं अशी एक गाडी होती. मी विद्यार्थी असतांना तिच्यांतून पुष्कळ हिंडलों आहें, म्हणून तिच्या मालकीचें सुखदुःख जवळून पाहिलेलें सांगतों. तिला दरवाजे नव्हते. पावसाळ्यांत टपाच्या शिवणींतून पाणी नेमकें मानेवर पडे. पेट्रोल ती असें पिई कीं, घरच्या वडीलमाणसांनीं तिला ‘अगस्ति’ असें नांव ठेविलें होतें. थंडींत सकाळीं ती सुरू होईलच असा भरंवसा नसे, म्हणून रात्रीं उतारावर लावण्याची चाल होती, आणि उतारानें दगा दिला तर शेजारचीं चार पोरें धक्का देण्यास हक्कानें बोलाविलीं जात. त्या हक्काच्या मोबदल्यांत त्या पोरांना यात्रेस नेण्याचें कर्तव्य मालकाकडे आपोआपच येई. आळींतील बाळंतीण, सर्पदंश झालेला गडी, लग्नाचा नवरदेव, बाजाराचा गूळ, सर्वांचा तिच्यावर अधिकार. कागदोपत्रीं मालक एक. व्यवहारांत अर्धें गांव.

अशी गाडी वर्षानुवर्षें चालली ती कशामुळें? ‘मिस्त्री’ ह्या एका संस्थेमुळें. तालुक्याच्या गांवीं, एस्. टी. स्थानकाच्या मागें, पत्र्याच्या खोपटांत बसणारा हा गृहस्थ इंग्रजी वाचूं शकत नसे व कारखान्याचें पुस्तक त्यानें पाहिलेलें नसे. पण इंजिनाच्या आवाजावरून तो तिसऱ्या सिलिंडरचें दुखणें सांगे. सुटा भाग मिळाला तर ठीक, न मिळाला तर लेथवर घडवून घेई. पाटा मोडला तर गांवच्या लोहाराकडे नेऊन दुसऱ्या गाडीच्या पाट्यांतून कापून बसवी. पेट्रोल महागल्यावर ह्याच मंडळींनीं जुन्या जीपांतून पेट्रोलचें इंजिन उतरवून डिझेलचें चढविण्याचा सपाटा लावला. अशा कृतीस शास्त्रांत काय नांव आहे तें असो. आमच्याकडे तिला ‘इंजिन बदलणें’ इतकेंच म्हणतात आणि पोत्याचें तोंड शिवावें इतक्या सहजतेनें करतात. कंपनीनेंहि पुढें तोच मार्ग धरला. १९७९ सालीं तिनें फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशीं डिझेल इंजिनाचा करार केला. शिवाय तिच्या ट्रॅक्टरांच्या इंजिनाचा वंशजहि जीपमध्यें बसूं लागला. ट्रॅक्टरचें इंजिन म्हटल्यावर शेतकरी निर्धास्त झाला. त्याचा आवाज त्याच्या ओळखीचा होता.

ह्या कारागिरीस येथें पूर्वपरंपरा नव्हती असें नव्हे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं औंध संस्थानच्या माळावर १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसविली, ती लोखंडी नांगरांसाठीं. लोखंडानें जमीन नासते अशी तेव्हां शेतकऱ्यांची समजूत होती. ती जाण्यास जीं कारणें झालीं त्यांत हेंहि एक असावें कीं, नांगराचा फाळ झिजला तर तो बदलण्याइतकें ज्ञान शेतकऱ्याच्या स्वतःच्या हातांत होतें. नवें यंत्र लोक स्वीकारतात तें त्याच्या शक्तीमुळें थोडें आणि त्याच्या सुबोधतेमुळें अधिक, असें माझें मत आहे. जीपचा इतिहास त्यास पुष्टि देतो.

आतां जीपच्या चौथ्या अवस्थेकडे वळूं, आणि माझ्या मतें तीच सर्वांत मोलाची. सातारा, सांगली व कोल्हापूर ह्या पट्ट्यांत तिला ‘वडाप’ म्हणतात. पुण्याच्या पलीकडे हा शब्द समजावून सांगावा लागतो. १ जून १९४८ रोजीं पुणें–अहमदनगर मार्गावर सरकारी एस्. टी. ची पहिली गाडी धांवली, व पुढें प्रवासी वाहतूक सरकारनें क्रमाक्रमानें आपल्या हातीं घेतली. त्या एस्. टी. नें महाराष्ट्राच्या खेड्यांवर केलेले उपकार कोणीहि विसरूं नयेत. तथापि सकाळीं एक व सायंकाळीं एक अशा दोन फेऱ्यांवर ज्या वाड्यांचा संसार चाले, त्यांना मधल्या वेळीं आजार होऊं नये व बाजारांत भाव चढूं नये, अशी कांहीं व्यवस्था सरकारला करतां आली नाहीं. ती पोकळी जीपनें भरली. पाटण, मेढा, शिराळा, विटा, दहिवडी येथील नाक्यांवर १९८० नंतर ह्या गाड्या उभ्या दिसूं लागल्या. प्रथम जुन्या जीपा. मग महिंद्रच्या लांब हौद्याच्या कमांडर. पुण्याच्या बजाज टेंपोची ट्रॅक्स. १९९४ नंतर टाटांची सुमो.

वडापला वेळापत्रक नाहीं. भरली कीं सुटते. ‘भरली’ ह्या शब्दाचा अर्थ मात्र चालकाच्या स्वभावावर अवलंबून असे. नऊ माणसांच्या गाडींत अठरा बसलीं म्हणजे अर्धी भरली. मग मागच्या फळीवर चार उभे, टपावर दोन आणि भाजीच्या पाट्या, आणि चालक स्वतः दाराच्या बाहेर अर्धा लोंबकळत एका हातानें चक्र धरून. हें दृश्य ज्यानें पाहिलें नाहीं त्याला आमच्याकडील प्रवासाचें शास्त्र कळलें नाहीं. अपघात झाले, माणसें गेलीं, एस्. टी. चें उत्पन्न बुडालें. कायद्यानें तिला ‘अवैध वाहतूक’ असें नांव दिलें, आणि तें खोटें नाहीं. वाटेवरच्या चौकीपाशीं कायदा कसा वाकतो, हेंहि सर्वांना ठाऊक होतें. परंतु ह्याच गाडींत बसून डोंगरांतल्या मुली प्रथम तालुक्याच्या कॉलेजांत आल्या. माझ्या वर्गांत अशा कित्येक होत्या. पावसाळ्यांत दुसऱ्या तासाला ओल्या परकरांनीं येणाऱ्या ह्या मुलींना ‘उशीर कां?’ असें विचारलें कीं, ‘वडाप भरेना’ हें उत्तर ठरलेलें असे, आणि त्यावर हजेरी न देणारा शिक्षक मला आमच्या भागांत आढळला नाहीं. एस्. टी. चा पास त्यांच्यापाशीं असे, गाडी नसे. त्यांच्या शिक्षणाचा इतिहास लिहावयाचा झाल्यास त्यांत ह्या बेकायदा गाड्यांना एक प्रकरण द्यावें लागेल.

ह्या गाडीचा मालक बहुधा चालक, आणि चालक बहुधा अर्धा मिस्त्री. कर्जाऊ घेतलेली जुनी गाडी, दिवसाच्या सहा फेऱ्या, रात्रीं कंदिलाच्या किंवा विजेच्या दिव्याखालीं दुरुस्ती. गाडी एक दिवस उभी राहिली तर हप्ता चुकला. म्हणून सकाळीं मोडलेली गाडी त्याला संध्याकाळच्या आंत, स्वतःच्या हातानें, उभी करतां आलीच पाहिजे; आणि ती करतां येत होती, म्हणूनच गरिबाला ती परवडत होती. सुबोध यंत्राचें अर्थशास्त्र एवढेंच आहे.

इकडे हें चाललें असतां तिकडे मूळ देशांत काय झालें? १९५३ सालीं विलिसनें काढलेला उंच बॉनेटचा नमुना अमेरिकेंत १९६८ सालीं बंद पडला. आमच्याकडे त्याचे वंशज नव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत विकले जात होते. आजोबा वारल्यावर चाळीस वर्षें नातवानें त्यांचाच अंगरखा घालून हिंडावें, तसा हा प्रकार. पुढें महिंद्र कंपनीनें रॉक्सॉर नांवाची अशीच गाडी अमेरिकेंत नेऊन विकण्यास काढली, तेव्हां २०१८ सालीं जीपच्या तेथील मालकांनीं ‘हिचा चेहरा आमच्या गाडीचा आहे’ म्हणून फिर्याद केली, व तो चेहरा बदलणें भाग पडलें. चेहऱ्याचा हक्क शाबीत करण्यास न्यायासन आहे; बँटमच्या त्या ४९ दिवसांची फिर्याद मात्र कोणी ऐकली नाहीं.

२०१० सालीं ‘थार’ आली, आणि २ ऑक्टोबर २०२० रोजीं तिचें नवें, अधिक सुखकर रूप. कासच्या पठाराकडे, ठोसेघराकडे, चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांकडे सुटीच्या दिवशीं आतां ह्या गाड्यांच्या रांगा लागतात. तरुण मालकांची हौस पाहून मला वाईट वाटत नाहीं. उघड्या गाडींतून सह्याद्रीचा वारा अंगावर घेणें ही चैन असली तरी निर्मळ चैन आहे. फक्त कासच्या पठाराला २०१२ सालीं जागतिक वारशाचा मान मिळाला तो तेथील फुलांमुळें, चाकांमुळें नव्हे, एवढें त्यांनीं ध्यानांत ठेवावें. माझें लक्ष दुसरीकडे जातें. नव्या गाडीचें बॉनेट उचललें तर आंत काळ्या पेट्या दिसतात. दोष कोठें आहे हें सांगणारें यंत्र वेगळें, तें अधिकृत दुकानांत. मिस्त्री कान लावून ऐकतो आणि मान हलवून बाजूस होतो. गाडी पूर्वींपेक्षां सुरक्षित आहे, तिचा धूर कमी आहे, हे लाभ क्षुल्लक नव्हेत, आणि वडापमध्यें माणसें गमावलेल्या घरांना तर ते मुळींच क्षुल्लक वाटणार नाहींत. पण किल्ली मालकाच्या खिशांत असून पाना दुसऱ्याच्या हातांत गेला आहे.

ह्या संदर्भांत सांगली जिल्ह्यांतील देवराष्ट्रें गांवीं घडलेली गोष्ट सांगितली पाहिजे. हें यशवंतराव चव्हाणांचें आजोळ. १२ मार्च १९१३ रोजीं त्यांचा जन्म येथेंच झाला, तेव्हां गांव सातारा जिल्ह्यांत होतें. येथील लोखंडकाम करणाऱ्या एका कारागिरानें, मुलाच्या हौसेखातर, भंगारांतले भाग जमवून सुमारें ६०,००० रुपयांत चार चाकांची एक लहानशी गाडी बनविली. तोंडवळा जुन्या जीपचा. सुरू करावयाची ती मात्र मोटारसायकलीसारखी पायानें लाथ मारून. २०२१ च्या डिसेंबरांत तिचें चलच्चित्र देशभर पसरलें. आनंद महिंद्र ह्यांनीं तें पाहून जाहीर केलें कीं, ही गाडी नियमांत बसत नसल्यानें अधिकारी आज ना उद्यां तिला रस्त्यावर येऊं देणार नाहींत. तेव्हां ती आम्हांस द्यावी, बदल्यांत आम्ही नवी बोलेरो देऊं. २०२२ च्या जानेवारींत ती अदलाबदल झाली. महिंद्रांचें औदार्य खरें आणि त्यांचें म्हणणेंहि खरें. नियमांत ती गाडी बसतच नव्हती. किर्लोस्करवाडीहून देवराष्ट्रें फार दूर नाहीं. १९१० सालीं त्या माळावर नांगर ओतणाऱ्याला कोणतें प्रमाणपत्र जवळ बाळगावें लागलें असतें, असा विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

१ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षें झालेल्या सरकारी गाड्या मोडींत काढण्याचा नियम अंमलांत आला आहे. लिलावांतून खेड्यांत येणारा जुन्या जीपांचा ओघ त्यामुळें आटला. खाजगी गाडीस पंधरा वर्षांनंतर पुन्हा तपासणी करून परवाना घेतां येतो. तो घेऊन चालविणारे हौशी मालक कराडकडे व मिरजेकडे अद्यापि आहेत, आणि एकमेकांकडून सुटे भाग मागवून ते आपल्या गाड्या जिवंत ठेवतात. बाकीच्या भंगाराच्या दुकानीं जातात. तेथें पत्रा वेगळा, इंजिन वेगळें, आणि पाटे वेगळे काढतात, कारण पाट्याच्या पोलादाला लोहारांकडे मागणी आहे. धार चांगली राहते म्हणून कृष्णाकांठचे लोहार त्याचे कोयते घडवितात, आणि दिवाळीच्या सुमारास ऊसतोड सुरू झाली म्हणजे ते कोयते फडांत चालूं लागतात.